वाचकांचे प्रश्न : इंग्रजी शिकवायला परदेशी जाताना

प्रश्न : मी एम.ए. (इंग्रजी) आहे, वय २६. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. १२० तासांचा ऑनलाइन टेफल (परभाषिकांना इंग्रजी शिकवण्याचा) कोर्स सध्या सवलतीत मिळतोय. तो केल्यावर जपान किंवा कोरियात नोकरी मिळेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : कोर्सचे पैसे भरण्याआधी देश ठरवा. या व्यवसायात सर्टिफिकेटच्या आधी पासपोर्ट बघितला जातो. हे अन्यायाचं आहे, पण व्हिसाचे नियमच तसे आहेत.

कोरियातल्या खासगी शिकवणी-वर्गांना हागवॉन म्हणतात. तिथला ई-२ व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरियातला आर्थिक भागीदारी करार २०१० पासून लागू आहे. त्यात भारतीयांना सरकारी शाळेत सहायक शिक्षक होण्याची वाट ठेवलेली आहे, मात्र त्यासाठी इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता दोन्ही हवी. बी.एड. नसेल तर कोरियाचा विचार तूर्त सोडा.

जपानमध्ये तुमची अडचण वेगळी. शाळेत शिकवण्याच्या व्हिसासाठी किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. तुमचं अकरावीपासून एम.ए.पर्यंतचं सगळं इंग्रजीतून धरलं तरी बेरीज सातच होते. खासगी संभाषण-वर्गांचा व्हिसा निराळ्या प्रकारात मोडतो आणि त्याला पदवी लागते, पण तिथेही स्पर्धा त्या सात देशांतल्या उमेदवारांशीच असते. चीनमध्ये भाषाशिक्षकाच्या परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशाचं नागरिकत्व किंवा तिथली पदवी मागतात.

तुमच्यासाठी खरा पर्याय व्हिएतनाम आणि थायलंड. व्हिएतनाममध्ये पदवी इंग्रजीचीच असणं तुमच्या फायद्याचं आहे, त्याला शिकवण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडावा लागतो. थायलंडमधल्या शाळा तुमच्यासारख्या उमेदवाराकडून साधारणपणे टोइक या इंग्रजीच्या परीक्षेचे ६०० गुण किंवा त्याच्या तोडीची परीक्षा मागतात. तिथलं शालेय वर्ष मेच्या मध्यात सुरू होतं आणि दुसरं सत्र नोव्हेंबरात, म्हणून मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात अर्ज टाका.

कोर्सबद्दल स्पष्टच सांगायचं तर, केवळ ऑनलाइन १२० तासांनी कागदाची अट पूर्ण होते, शिकवता येत नाही. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी-शिक्षक प्रशिक्षणात १२० तासांबरोबर खऱ्या विद्यार्थ्यांसमोर ६ तासांचं शिकवणं तपासलं जातं, शिवाय चार लेखी असाइनमेंट. ट्रिनिटीच्या सर्टटेसॉल या तशाच कोर्समध्येही ६ तास शिकवावं लागतं. खर्च लाखाच्या पुढे जातो. एखाद वर्ष जाऊन बघायचं असेल तर इतका खर्च करू नका. हाच पेशा करायचा असेल तर मात्र स्वस्त कोर्स घेऊन नंतर पुन्हा सेल्टा करण्यात पैसे दोनदा जातात.

प्रश्न : मी बी.ए., बी.एड. आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नऊ वर्षांचा अनुभव. दुबईला जायचंय. टेफल करू का? कागदपत्रांची तयारी कुठून सुरू करावी? – एक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : टेफल नको. आखातात शाळेतल्या नोकरीला तुमचं बी.एड. आणि नऊ वर्षांचा अनुभवच चालतो. तिथे भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांचं ऑगस्टअखेर. त्याच्या तीन-चार महिने आधी जागा निघतात.

कागदपत्रांत अडतं ते नावावर. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, वडिलांचं आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि पतीचं नाव. कोल्हापुरात ही एकच व्यक्ती आहे हे कुणालाही कळतं, परदेशी कारकुनाला कळत नाही. विवाह नोंदणी प्रमाणपत्र पदव्यांच्या संचातच ठेवा. स्पेलिंगच वेगळं असेल तर शासन राजपत्रात नावबदल छापून घ्या, याला वेळ लागतो म्हणून हे काम पहिलं.

मग पदव्या. आधी विद्यापीठाची पडताळणी, नंतर राज्य शासनाचं साक्षांकन, शेवटी परराष्ट्र मंत्रालय. इथून पुढे रस्ता फुटतो. अपोस्टिल म्हणजे परदेशात मान्य होणारं प्रमाणनाचं स्टिकर. त्याच्या करारातल्या देशांसाठी (ओमान, बहरीन, २०२२ पासून सौदी अरेबिया) मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून दुबईसाठी मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाची मोहोरही घ्यावी लागते. ‘कुठलंही स्टिकर चालतं’ असं सांगणाऱ्या दुकानदाराकडून उठून या.

आणि पदवी लॅमिनेट केली असेल तर? हा प्रकार आपल्याकडे फारच. स्टिकर आणि शिक्का मूळ कागदाच्या पाठीवर बसतो, प्लास्टिकवर नाही. लॅमिनेशन घरी सोलायला जाऊ नका, शाईसकट निघतं. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत मागवा.

पोलीस क्लिअरन्सची घाई मात्र करू नका. अनेक ठिकाणी ते सहा महिन्यांच्या आतलंच लागतं. ऑफर लेटर हातात आल्यावर पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करा.

ऑफर लेटरमध्ये एकूण पगारापेक्षा मूळ पगाराचा आकडा बघा. अमिरातीत वर्ष पूर्ण झाल्यावर मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार कमी आणि भत्ते जास्त दाखवले की ती रक्कम आपोआप आटते.

प्रश्न : एजंट व्हिएतनामच्या नोकरीसाठी दोन लाख मागतोय. पर्यटक व्हिसावर जा, तिथे गेल्यावर वर्क परमिट होईल म्हणतो. – एक वाचक, नाशिक

उत्तर : जाऊ नका. परवान्याशिवाय शिकवताना सापडलात तर दंड आणि देशाबाहेर रवानगी. परमिटसाठी लागणारी पदवी आणि पोलीस क्लिअरन्स इथूनच प्रमाणित करून न्यावी लागतात, हनोईत बसून ते काम दुपटीने अवघड होतं. आपल्याकडे नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. ई-मायग्रेट या परदेशी नोकरभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर त्याचा नोंदणी क्रमांक तपासा आणि पावती मागा. बहुतेक वेळा पावतीचं नाव काढताच बोलणं संपतं.

प्रश्न : माझे उच्चार मराठी वळणाचे आहेत. डेमो लेक्चरला हे आड येईल का? – एक वाचक, लातूर

उत्तर : वळणापेक्षा शब्दावरचा आघात आड येतो. ‘डिव्हेलप’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरगटावर (‘व्हे’वर) हवा, तो पहिल्यावर गेला की ऐकणारा अडखळतो. शिवाय व्ही आणि डब्ल्यू आपण एकाच ‘व’ने भागवतो. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा नुसता चंबू. आरशासमोर आठवडाभरात जमतं.

डेमोत उमेदवार पडतात ते वेगळ्याच कारणाने: दहा मिनिटांच्या पाठात आठ मिनिटं स्वतःच बोलतात. ‘यूज्ड टू’ शिकवायचंय समजा. नियम सांगू नका. फळ्यावर ‘ही यूज्ड टू स्मोक’ लिहा आणि विचारा, पूर्वी ओढायचा का? हो. एकदाच की नेहमी? नेहमी. आता ओढतो? नाही. तीन प्रश्नांत अर्थ कळला की नाही हे तपासून होतं. मग दोघादोघांच्या जोड्या करून त्यांना एकमेकांच्या जुन्या सवयी विचारायला लावा आणि तुम्ही गप्प राहून चुका टिपा. ‘समजलं का?’ हा प्रश्न मात्र टाळा, त्यावर सगळा वर्ग मान डोलावतो.

प्रश्न : यात पुढे बढती असते का? वय ३८. – एक वाचक, ठाणे

उत्तर : असते, पण भाषावर्गांत थोडी. वरिष्ठ शिक्षक, मग शैक्षणिक व्यवस्थापक, त्यासाठी सेल्टानंतर अनुभव आणि त्याच्या वरचा डेल्टा कोर्स. वर्ग संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी भरतात. तासावर पगार असेल तर व्हिएतनामच्या तेत या नववर्षाच्या सणात वर्ग बंद आणि उत्पन्नही बंद, म्हणून करारात दरमहा किमान तासांची हमी लिहून घ्या. पीएफ नसतो, ती तजवीज स्वतःच करायची. ३८व्या वर्षी संसार सोबत असेल तर आधी बी.एड. करून आंतरराष्ट्रीय शाळेकडे वळा, तिथे घरभाडं आणि मुलांच्या फीत सवलत मिळण्याची शक्यता जास्त.