व्यापारीच पैसे मागू लागला तर

"ऑनलाइन सर्व्हे भरून खरोखर पैसे मिळतात का, आणि मिळत असतील तर मीच कशी फसले?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत जळगावातील माझ्या समुपदेशन कक्षात अनेकांनी विचारला आहे. भुसावळची महाविद्यालयीन मुलगी, अमळनेरचे निवृत्त शिक्षक, जिनिंगमध्ये मुनीमकी करणारे गृहस्थ अशी माणसे बदलतात. प्रश्नाचा दुसरा भाग मात्र प्रत्येकाच्या तोंडी तसाच्या तसा असतो. म्हणून त्यांपैकी एकीची हकीकत, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे सांगत आहे. आपण तिला सुनीताताई म्हणू.

यावल तालुक्यातील केळीबागायतदाराची ही मुलगी लग्नानंतर जळगावात आली. पती खासगी नोकरीत, दोन मुले शाळेत. रात्री झोप लागत नाही आणि मुलांवर विनाकारण हात उगारला जातो, ही तक्रार घेऊन त्या आल्या. फसवणुकीचा विषय पहिल्या भेटीत निघालाच नाही. दुसऱ्या भेटीत, जाण्यासाठी उठता उठता त्यांनी विचारले, "मॅडम, पोत गहाण ठेवली तर नवऱ्याची सही लागते का?"

तेव्हा सगळे बाहेर आले. मोबाइलवर एका अनोळखी ग्रुपचे आमंत्रण आले होते. चहा कोणता पिता, साबण कोणता वापरता, अशा पाच मिनिटांच्या प्रश्नावलीचे दीडशे रुपये खात्यात जमा झाले. मग "प्रीमियम सर्व्हे" साठी हजार भरले, तेराशे परत आले. तीन हजार भरले, एकोणचाळीसशे आले. त्यानंतर नऊ हजार, पंधरा हजार, आणि "तुमचे उत्तर चुकले, आता संपूर्ण ग्रुपचे पैसे अडकले" असे सांगून अठरा हजार घेतले गेले. हे बेचाळीस हजार भिशीचे होते. मोबाइलच्या पडद्यावर मात्र त्यांच्या नावे एकसष्ट हजार चारशे रुपये दिसत होते, आणि ते काढण्यासाठी चौदा हजारांचा "कर" त्याच संध्याकाळपर्यंत भरायचा होता.

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारपद्धतीने काम करते. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेविषयीचा त्याचा हट्टी आग्रह अधिक छळतो, हे त्यांचे म्हणणे मला दरवर्षी अधिकच पटत गेले आहे. मराठीत हा आग्रह ओळखणे सोपे जाते, कारण तो एका अक्षरात राहतो. सुनीताताईंच्या बोलण्यात तो "च" सतत येत होता: पैसे परत मिळालेच पाहिजेत, घरात हे कळताच कामा नये, मी मूर्खच आहे. मी ही तीन वाक्ये कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवली आणि विचारले, "यांतल्या कोणत्या वाक्यासाठी तुम्ही आज चौदा हजार भरणार आहात?"

त्यांनी बराच वेळ कागद पाहिला आणि दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवले.

या उत्तराने मलाही काही शिकवले. लोभाने माणसे फसतात असे आपण सहज म्हणतो, परंतु लोभाचा भाग फार तर पहिल्या दोन-तीन हप्त्यांपुरता असतो. त्यापुढचा प्रत्येक हप्ता आधीचा हप्ता झाकण्यासाठी भरला जातो. फसवणाऱ्यांना हे नेमके ठाऊक असते; म्हणूनच ते सुरुवातीला खरे पैसे देतात आणि शेवटी घाई करतात.

तरीही पडद्यावरचा आकडा त्यांना सोडवत नव्हता. म्हणून मी त्यांच्या माहेरचा विषय काढला.

"बाग कापणीला आली की व्यापारी येतो. पैसे कोण कोणाला देते?"

"व्यापारी आम्हाला. माल त्याला हवा असतो ना."

"तो म्हणाला, आधी तुम्ही मला नऊ हजार द्या, मग घड कापतो आणि वाढीव दर देतो, तर?"

"बाबांनी त्याला बांधावर पाय ठेवू दिला नसता!" त्या ताडकन म्हणाल्या आणि थांबल्या. थोड्या वेळाने, अगदी हळू आवाजात, "मॅडम, माझा माल काय होता?"

"तुमचे मत."

त्यांनी मोबाइल उचलला, तो निरोप पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "मग हे चौदा हजार कशाचे?" मी उत्तर दिले नाही, कारण त्याची गरज उरली नव्हती. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच लाभले आहेत, आणि हा त्यांपैकी एक आहे.

सर्व्हेचा खरा व्यवहार असाच चालतो. साबण किंवा चहा विकणारी कंपनी ग्राहकांचे मत जाणून घेण्यासाठी बाजार-संशोधन करणाऱ्या संस्थेला पैसे देते, आणि त्यातला छोटा वाटा उत्तर देणाऱ्यापर्यंत येतो. एका माणसाचे मत हे अनेक मतांपैकी एक असल्यामुळे त्याचा मोबदला थोडाच असतो. बहुधा गुण साठतात, ठरावीक गुण झाले की व्हाउचर मिळते, आणि अनेकदा दोन-चार प्रश्नांनंतर "आपण या सर्व्हेसाठी पात्र नाही" असे सांगून बाहेरही काढले जाते. हे कंटाळवाणे वाटले तरी खरेपणाचेच लक्षण आहे. नोंदणी शुल्क, अनामत, कर, दर्जा वाढवण्याचे पैसे यांपैकी काहीही मागितले गेले, तर रक्कम दहा रुपये असली तरी तेथेच थांबावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही. तो आपल्या खात्यातून पैसे जाताना किंवा शिल्लक तपासताना लागतो. ओटीपी, आधार-पॅनचे फोटो किंवा मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दाखवणारे अ‍ॅप यांचा चहा-साबणाच्या मताशी काहीही संबंध नसतो.

एक गोष्ट मी आवर्जून तपासायला सांगते: आलेले पैसे कोणाच्या नावाने आले? सुनीताताईंना मिळालेल्या तिन्ही रकमा तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांतून आल्या होत्या, कंपनीच्या नावाने एकही नाही. असे पैसे अनेकदा दुसऱ्या फसलेल्या माणसाचे असतात, आणि त्याच्या तक्रारीमुळे आपलेही खाते गोठवले जाऊ शकते.

त्या संध्याकाळी माझ्या समोर बसूनच त्यांनी 1930 या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन केला, आणि नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर व्यवहारांचे क्रमांक व संभाषणाची छायाचित्रे जोडली. या मार्गाने पैसे पुढे सरकण्यापूर्वी खात्यात रोखता येतात. म्हणून पहिले काही तास फार मोलाचे असतात. त्यांचे अकरा दिवस लाजेपायी गेले होते, त्यामुळे केवळ सहा हजार रोखले गेले. पुढच्याच आठवड्यात "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा निरोप आला, तेव्हा मात्र त्यांनी तो मला वाचून दाखवला आणि तक्रारीत जोडला.

तिसऱ्या भेटीला त्या पतीला घेऊन आल्या आणि त्यांनी सर्व स्वतः सांगितले. पती बराच वेळ खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले की मागच्या वर्षी झटपट कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपवर त्यांचेही सात हजार गेले होते आणि आजवर त्यांनी ते घरात कोणाला सांगितले नव्हते. सुनीताताई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "म्हणून तुम्ही तेव्हा रात्र रात्र जागत होतात?" एवढेच त्यांनी विचारले.

भिशीचे हप्ते आता दोघे मिळून फेडत आहेत.