वाचकांचे प्रश्न : सुरीचे पोलाद आणि तिचे पाणी

प्रश्न : खानापुरात माझी छोटी खाणावळ आहे. रोज ८-१० किलो कांदा आणि त्याच्या जोडीला कोबी, टोमॅटो, मिरची चिरावी लागते. बेळगावच्या बाजारातून वर्षभरात तीन सुऱ्या आणल्या. तिन्हींची धार आठवड्याभरात गेली. ज्या सुरीला लोहचुंबक चिकटत नाही तिचे स्टील अस्सल, असे एका दुकानदाराने सांगितले, तर दुसऱ्याने पात्यावरचे ‘हाय कार्बन’ हे शब्द दाखवले. चिरण्याचे सारे काम ओट्याच्या कडप्प्यावरच होते. ५०० रुपयांच्या आत टिकणारी सुरी मिळेल का, आणि ती ओळखावी कशी?
(एक भगिनी, खानापूर)

उत्तर : चुंबकाची कसोटी ताट-वाट्या घेताना उपयोगी पडते, सुरी घेताना मात्र ती उलट लागू होते. भांड्यांच्या चांगल्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. निकेलमुळे त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, पण त्याच कारणाने ते कितीही तापवून थंड केले तरी कठीण होत नाही, म्हणजेच त्याला पाणी देता येत नाही. सुरीच्या पोलादाला पाणी देता आलेच पाहिजे, आणि तसे पोलाद चुंबकाला चिकटते. तेव्हा ज्या सुरीला चुंबक अजिबात चिकटत नाही, ती आपण दुकानातच ठेवावी.

‘हाय कार्बन’ या शब्दांवर आकड्याशिवाय विश्वास ठेवू नये. पोलादाचा कठीणपणा मुख्यतः कार्बनवर अवलंबून असतो आणि गंज अडवण्याचे काम क्रोमियम करते. स्वस्त सुऱ्यांमध्ये नेहमी आढळणाऱ्या ४२० जे २ या पोलादात कार्बन ०.२६ ते ०.४० टक्के आणि क्रोमियम १२ ते १४ टक्के असते. ते गंजत नाही, पण कठीणपणा मोजण्याच्या रॉकवेल मापावर ५२-५३ च्या फारसे वर जात नाही. आपल्या तिन्ही सुऱ्या बहुधा याच घरातल्या असाव्यात. त्याच्या वरची पायरी म्हणजे एक्स ५० सीआर एमओ व्ही १५, ज्याला बाजारात ‘जर्मन स्टील’ म्हणतात आणि ज्याचा क्रमांक १.४११६ आहे. यात सुमारे ०.५ टक्के कार्बन, १४-१५ टक्के क्रोमियम, शिवाय थोडे मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम असते आणि कठीणपणा ५५ ते ५७ पर्यंत पोहोचतो. खाणावळीच्या कामाला मी हेच पोलाद सुचवेन, कारण खानापूरच्या पावसाळ्यात ओली राहिली तरी ही सुरी तग धरते आणि धार गेली तर दहा मिनिटांत परत येते. ५०० रुपयांत लांब पाते बसत नसेल, तर त्याच पोलादाचे लहान पाते घ्यावे. सुमारे १ टक्का कार्बनचे ४४० सी किंवा व्हीजी १० हे पोलाद धार अधिक काळ धरते हे खरे, पण ते महाग पडते, धार लावायला चिवट असते, आणि अशा कठीण पात्याने कोणी घाईत नारळ फोडायला घेतला तर धारेचा टवका उडू शकतो.

तरीही नुसत्या नावावर जाऊ नये. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग घडवणारा कोणताही कारागीर सांगेल की एकाच पोलादाचे दोन भाग, पाणी वेगवेगळे दिले तर वेगवेगळे टिकतात. पाणी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ज्या वेष्टनावर पोलादाच्या क्रमांकाबरोबर कठीणपणाचा आकडाही छापला आहे, ती सुरी मी आधी निवडेन.

आता आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट. कडप्पा असो की स्टीलचे ताट, त्यावर चिरल्यास धार दर घावाला दुमडते आणि महागातले पोलादही आठवड्यात बोथट होते. नव्या सुरीआधी लाकडी पाट घ्यावा. धारवाल्याच्या कोरड्या चाकावर पाते निळे पडू देऊ नये. निळे पडले म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरले, आणि तो भाग घासून काढल्याखेरीज तेथे धार टिकत नाही. पाते मधूनमधून पाण्यात बुडवायला त्याला आवर्जून सांगावे, किंवा १००० नंबरचा दगड घरी आणून दोन्ही बाजूंनी सुमारे २० अंशांचा कोन राखत स्वतः धार लावावी.

प्रश्न : आमच्या गावच्या लोहाराने ट्रकच्या पाट्यापासून (स्प्रिंगच्या पट्टीपासून) घडवलेली विळी कैरी चिरली की काळी पडते. हे पोलाद हलके आहे का, आणि कैरी खाण्यास अपायकारक ठरते का?
(एक वाचक, निपाणी)

उत्तर : पोलाद हलके मुळीच नाही. ट्रकच्या पाट्यात साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बन असतो आणि जाणत्या लोहाराने पाणी दिले तर ती विळी पुष्कळ स्टेनलेस सुऱ्यांहून सरस ठरते. कानडीत पोलादाला ‘उक्कू’ म्हणतात. दक्षिणेतले जे पोलाद एके काळी ‘वूट्झ’ या नावाने जगभर गेले, त्याचे नाव याच शब्दावरून पडले असे मानतात, आणि त्यात तर सुमारे दीड टक्का कार्बन असे. ही विद्या आपल्या मुलखाला परकी नाही, म्हणून गावात लोहाराचा भाता चालू आहे तोवर विळी आणि कोयता त्याच्याकडूनच घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पाट्याच्या पोलादात क्रोमियम नसते किंवा जेमतेम १ टक्का असते, त्यामुळे कैरी, चिंच, लिंबू यांच्या आंबटपणाने लोखंड काळे पडते. तो काळा थर अपायकारक नाही, उलट तांबड्या गंजाला तो काहीसा अडवतो; कैरीच्या फोडींना लोखंडी चव येते इतकेच, म्हणून लोणच्याची कैरी स्टेनलेसच्या विळीवर चिरावी. तांबडा गंज मात्र लगेच घासून काढावा. काम झाले की विळी धुऊन, कोरडी पुसून पात्यावर तेलाचे बोट फिरवावे; पावसाळाभर ठेवून द्यायची असेल तर शेंगतेलापेक्षा खोबरेल बरे, कारण शेंगतेल काही आठवड्यांत चिकट होते.