टू-स्ट्रोकला नवं इंधन द्यायचं, तर ऑइल कुठून जाणार?

प्रश्न : माझी १९९३ची यामाहा आरएक्स १०० आहे, टू-स्ट्रोक मोटारसायकल. पावसाळाभर झाकून ठेवली होती. चवथीला बाहेर काढली तर सुरू होऊन लगेच बंद पडते आणि चाललीच तर मागे निळा धूर. मेस्त म्हणतो, सगळा दोष हल्लीच्या पेट्रोलचा. खरं आहे का? (म्हापसा)

उत्तर : निम्मं खरं आहे. गाडी बंद पडते त्यात पेट्रोलचा हात असू शकतो, धुरात नाही.

आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत पाण्याला तोटा नाही. काचेच्या अरुंद नळीत १०० मिली ई२० घ्या, १० मिली पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. तळाचा थर १० मिलीचा राहत नाही, तिसाच्या आसपास चढतो. पाण्याने इथेनॉल खाली खेचून घेतलेलं असतं. टाकीत पाणी शिरलं की तिथेही हेच होतं आणि पेट्रोलची चावी नेमका तो तळाचा थर कार्ब्युरेटरला देते. त्यामुळे आधी टाकी आणि फ्लोट बाऊल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) रिकामे करा. जुन्या रबरी नळ्या फुगल्या असतील तर इथेनॉल सोसणाऱ्या घाला. मग ताजं पेट्रोल भरून थोडं फिरा आणि प्लग काढून बघा. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मिश्रण पातळ झालंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय; मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा लागेल. हे टाळू नका, पातळ मिश्रणावर इंजिन तापून पिस्टन सीझ होतो, म्हणजे जागीच अडकतो.

आता धूर. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलसोबत ऑइलही जळतं, ते जास्त झालं की निळा धूर येतो. तुमच्या गाडीला कंपनीचा ऑइल पंप होता. तो अजून जोडलेला आहे का, ते आज बघा. कितीतरी आरएक्सचे पंप बंद करून टाकलेले असतात आणि मालक टाकीत अंदाजाने ऑइल ओततात. पंप थ्रॉटलप्रमाणे ऑइल कमी-जास्त करतो, सिग्नलला उभं असताना अगदी थोडं देतो. टाकीत ओतलेल्या ऑइलला ते जमत नाही. पंप दुरुस्त होत नसेल तर लिटरला २० मिली, तेही मापाने. ऑइल जासो एफडी (टू-स्ट्रोक ऑइलचा जपानी दर्जा, डब्यावर JASO FD लिहिलेलं असतं) घ्या, धूर बराच कमी होतो.

पीयूसी पास झाली म्हणून निर्धास्त राहू नका. २०००च्या आधीच्या दुचाकीला ४.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ९००० पीपीएम हायड्रोकार्बन चालतं. निळा धूर त्या तपासणीत मोजलाच जात नाही. तो जातो मागून येणाऱ्या स्कूटरवरच्या पोराच्या नाकात.

प्रश्न : आमची काजूची भाटी आहे. ग्रास कटरमध्ये थोडी फेणी मिसळली तर? (सत्तरी)

उत्तर : नको. फेणीत अल्कोहोल साधारण ४२ ते ४५ टक्के, बाकी बहुतेक पाणीच. पेट्रोलात मिसळायचं इथेनॉल किमान ९९.५ टक्के शुद्ध लागतं. कितीही वेळा गाळा, साध्या ऊर्ध्वपातनाने ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जाताच येत नाही. उरलेलं पाणी काढायला वेगळी प्रक्रिया लागते.

त्याहून मोठी अडचण ऑइलची आहे. तुमच्या कटरसारख्या टू-स्ट्रोकमध्ये इंधन क्रँककेसमधूनच (इंजिनाच्या खालच्या पेटीतून) वर जातं आणि बेअरिंगला ऑइल त्याच्यासोबत मिळतं. ऑइल पेट्रोलच्या थरात राहतं. तळाच्या पाणी-अल्कोहोलच्या थरात ते जवळजवळ नसतंच. तो थर आत गेला की बेअरिंग कोरडी पडते, शिवाय गंज. काही मिनिटांत इंजिन जाऊ शकतं.

प्रश्न : जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला गॅस किट बसवू का? (फोंडा)

उत्तर : मी बसवणार नाही. गॅस आपल्यासोबत ऑइल वाहून नेत नाही, म्हणून वेगळा पंप हवाच आणि ऑइल जळतंच, म्हणजे धूर उरतोच. शिवाय टू-स्ट्रोकमध्ये आत आलेल्या ताज्या मिश्रणाचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळताच सायलेन्सरमधून निसटतो. सीएनजी असेल तर निसटतो तो मिथेन, म्हणजे हवामान तापवणारा वायू. २०२४मध्ये आलेली बजाजची सीएनजी मोटारसायकल फोर-स्ट्रोक आहे, तिची तुलना इथे करू नका. घरगुती सिलिंडर जोडून देणारा कोणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते बेकायदा आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये असतो. तिथे बागेच्या यंत्रांसाठी डब्यातलं वेगळं पेट्रोल मिळतं म्हणतो. ते खरंच स्वच्छ असतं का? (मडगाव)

उत्तर : हो. ते अल्किलेट पेट्रोल. स्वीडनमध्ये जंगलात करवती चालवणाऱ्यांसाठी ते रुजलं. त्यात बेंझिन आणि त्याच्या जातीची इतर रसायनं (अ‍ॅरोमॅटिक्स) जवळजवळ नसतात, इथेनॉल नसतं, ऑइल आधीच मिसळलेलं मिळतं आणि बंद डब्यात ते वर्षानुवर्षं टिकतं. बेंझिनमुळे कॅन्सर होतो. कटर चालवणाऱ्याचं नाक त्या धुरापासून हातभर लांब असतं, दिवसाचे सहा-सहा तास. म्हणून मला हे इंधन आपल्याकडेही सहज मिळायला हवं असं मनापासून वाटतं. पण मुलाला ते विमानातून आणायला सांगू नका, परवानगी नाही.

तोवर महिन्यात संपेल एवढंच पेट्रोल आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, ऑइल मापाने घाला. घराभोवतीचं गवत असेल तर बॅटरीवरचा कटर घ्या. आणि भाटात (बागायतीत) कामाला येणाऱ्या माणसाला सांगा, वाऱ्याकडे तोंड करून कापत जा, धूर मागे जाईल.