मॉड्युलर किचनची किंमत साडेसतरा लाख

पत्र: वय ४१, पुण्यात खासगी नोकरी. ऑगस्ट २०२० मध्ये रावेतला ७० लाखांचा टू बीएचके घेतला, कर्जही तेव्हाचंच. करारात ताबा डिसेंबर २०२३. तोवर माझे १४ आणि बँकेचे ४२ लाख बिल्डरला गेले. मध्ये वर्षभर काम बंद होतं, आता सुरू झालंय. प्री-ईएमआय (ताब्याआधीचा फक्त व्याजाचा हप्ता) ३० हजार, घरभाडं २० हजार. म्युच्युअल फंडात ९ लाख आहेत. त्यातून कर्ज फेडू की एसआयपी चालू ठेवू? ता. क. बिल्डर ताब्याची तारीख डिसेंबर २०२६ करणाऱ्या पुरवणी करारावर सही मागतोय, बदल्यात मॉड्युलर किचन मोफत. पुढच्या आठवड्यात सही करतोय.

उत्तर: सही करू नका. फंडाचं नंतर बघू.

करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही, तर रेरा कायद्याचं, म्हणजे घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या कायद्याचं कलम १८ तुम्हाला दोन वाटा देतं. घर सोडून सगळे पैसे व्याजासकट परत घ्या, किंवा घर ठेवा आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज घ्या. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँकेच्या कर्जांचा पायाभूत दर) अधिक दोन टक्के. हिशेबाला साडेदहा टक्के धरू. ५६ लाखांवर महिन्याला ४९ हजार झाले. तुमचं भाडं आणि प्री-ईएमआय मिळून जातात जवळपास तेवढेच. डिसेंबर २०२३ ते डिसेंबर २०२६ या तीन वर्षांचे साडेसतरा लाख. कोविडकाळातली सहा महिन्यांची सवलत बिल्डर मागेल. ती दिली तरी साडेचौदा उरतात. तारीख बदलायला तुम्हीच संमती दिलीत, तर उशीर झाला हे कोणत्या तोंडाने सांगणार? आणि किचन कितीही भारी असलं तरी दोन-अडीच लाखांचं.

‘रेरानेच मुदतवाढ दिली आहे’ असं ऑफिसात सांगतील. ती प्रकल्पाच्या नोंदणीला मिळते. तुमच्या करारातली तारीख त्याने हलत नाही. ‘फिट-आउट पझेशन’, म्हणजे फर्निचर करायला ताबा, म्हणून चाव्या पुढे केल्या, तर आधी भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्याजोगी असल्याचा सरकारी दाखला) मागा.

मात्र हे साडेसतरा लाख आजच खर्चात धरू नका. महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा आदेश मिळाला तरी बिल्डरने पैसे दिले नाहीत तर वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, आणि तिथे वेळ लागतो. तुमचा खरा जोर आहे बिल्डरला अजून द्यायच्या १४ लाखांत. व्याज शेवटच्या हप्त्यांतून वळतं करून द्या, अशी मागणी तक्रारीतच घाला. स्वतःहून हप्ता मात्र अडवू नका. थकलेल्या हप्त्यावर त्याच दराने व्याज तुम्हाला लागेल. रेराची कामं करणारा वकील गाठा, आणि तोवर कुठल्याच कागदावर सही नको.

आणखी एक. ताबा मिळाला की प्री-ईएमआयचं सगळं व्याज टॅक्समधून वसूल होतं, असं एजंटने सांगितलं असेल, तर ते विसरा. कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत, म्हणजे तुमच्या बाबतीत मार्च २०२६ पर्यंत, घर पूर्ण व्हायला हवं. नाही झालं तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट वर्षाला दोन लाखांवरून ३० हजारांवर येते, तीही जुन्या करप्रणालीत. नव्या प्रणालीत ती मुळात नाहीच. जुन्यात ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर वर्षाला ५० हजारांचा फटका.

आता ९ लाख. कर्जात घालू नका. ते घातले तर प्री-ईएमआय महिन्याला सहा-साडेसहा हजारांनी कमी होईल, पण हाताशी काही उरणार नाही. काम पुन्हा थांबलं किंवा नोकरी गेली, तर बँक तेच पैसे परत देणार नाही. सहा लाख फंडातून काढून एफडीत किंवा लिक्विड फंडात ठेवा. भाडं, व्याज आणि घरखर्चाचे सहा महिने त्यात निघतील. उरलेले तीन लाख आणि एसआयपी आहे तशी चालू द्या.