पेपरातल्या जाहिरातीची वाट पाहू नका

रसायनशास्त्रात एमएस्सी झालंय, गोवा विद्यापीठात संशोधनाचं किंवा तांत्रिक काम हवंय, पण पेपरात जाहिरातच दिसत नाही, असं तुम्ही विचारलंय. तुम्ही दोन वेगळ्या नोकऱ्या एकत्र धरताय, म्हणून अडकलाय.

टेक्निकल असिस्टंट, लॅब असिस्टंट ही कायम पदं. ती कधीतरी निघतात आणि प्रक्रिया लांबते. तिथे 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, एम्प्लॉयमेंट एक्सचेंजचं कार्ड आणि कोंकणीचं ज्ञान लागतं. मामलेदार कचेरीतला दाखला आजच काढायला घ्या, जाहिरात आल्यावर धावपळ नको.

तुमच्यासाठी खरी जागा मात्र प्रकल्पांत आहे. एखाद्या प्राध्यापकाला केंद्राकडून निधी मंजूर होतो आणि त्यातच जेआरएफ (कनिष्ठ संशोधक) किंवा प्रोजेक्ट असोसिएटची तरतूद असते. अशी जाहिरात बहुधा संस्थेच्या संकेतस्थळावर येते, मुदत थोडी असते, मुलाखत बऱ्याचदा थेट. पेपरात शोधणाऱ्याला ती दिसणारच नाही.

म्हणून जाहिरातीच्या मागे न लागता प्रकल्पांच्या मागे लागा. विद्यापीठाचा वार्षिक अहवाल उघडा. कुणाकडे कोणता प्रकल्प आहे, पैसा कुणाचा, मुदत किती, हे त्यात सापडतं. नुकताच मंजूर झालेला प्रकल्प दिसला की त्या प्राध्यापकांचे एकदोन शोधनिबंध नीट वाचा आणि मग छोटा ईमेल पाठवा: काय वाचलं, कोणतं उपकरण स्वतः हाताळलंय, कधीपासून येऊ शकता. एचपीएलसी किंवा एक्सआरडीसारख्या पृथक्करणाच्या उपकरणावर खरोखर काम केलं असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा. ‘आदरणीय सर’ने सुरू होणारं एकच पत्र वीस जणांना पाठवलेलं लगेच ओळखू येतं, तसं करू नका.

विद्यापीठाच्या ताळगाव पठारापुरतंही थांबू नका. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, हेडलँड सड्यावरचं ध्रुवीय संशोधन केंद्र, फर्मागुढीची आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी, झुआरीनगरचं बिट्स, सगळीकडे प्रकल्पांवर माणसं घेतात. समुद्राच्या पाण्याचं पृथक्करण करायला रसायनशास्त्रवालाच लागतो, हे आपल्या मुलांच्या लक्षात येत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

नेट किंवा गेट ही पात्रता परीक्षा देऊन ठेवाच. केंद्रीय निकषांनुसार 1 जानेवारी 2023 पासून जेआरएफला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं मिळतं. पात्रता परीक्षा नसेल तर त्याहून कमी पैशांच्या पदावर यावं लागतं.

मुलाखतीत दोन गोष्टी न लाजता विचारा: प्रकल्पाची किती मुदत उरलीय आणि त्यातून पीएचडीची नोंदणी करता येईल का. प्रकल्प संपला की नेमणूकही संपते, कायम होण्याचा हक्क मिळत नाही. निधीचा पुढचा हप्ता लांबला तर मानधनही रखडतं, तेव्हा पहिले काही महिने भागेल एवढे पैसे हाताशी ठेवूनच रुजू व्हा.