कॅमेऱ्याने हजेरी घेऊ नये

सोलापूर

प्रिय पोरी,

तुझी संहिता दोनदा वाचली. सेटलमेंटमधल्या, म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवायचे त्या वस्तीतल्या, तुझ्या पणजीवर फिल्म करायचं तू मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. आपल्या गावात चार हुतात्म्यांच्या नावाचा चौक आहे. तारेच्या कुंपणातून गिरणीत कामाला जाणाऱ्या बायांची नावं मात्र घरच्यांनाही धड आठवत नाहीत.

पण पहिल्याच दृश्यापाशी मी अडले. कुंपण, हजेरी, तार धरून रडणारी बाई. तरुणपणी मीही हेच चित्रित केलं होतं. वस्तीत दाखवलं तेव्हा एक आजी म्हणाली, "हजेरीला कोण रडतंय गं? तव्यावरची भाकर करपंल, त्याचा घोर असायचा." तो प्रसंग मी काढून टाकला. तिला आधी विचारलं नाही, ही बोच अजून आहे.

पणजीबद्दल कागदावर जे सापडेल, ते कुणी लिहिलं असेल? 1871 पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या; लिहिणारे त्यांच्यावर पहारा करणारे. त्यांच्या वहीत ती हजर किंवा गैरहजर, एवढीच. तुझा कॅमेरा फाटकात उभा राहिला तर तोही हजेरीच घेईल. त्याला आत ने. चुलीशी बसलेल्या बाईच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेव. भाकरी थापून होईपर्यंत कट करू नकोस. ती तव्यावर पडली की बाहेरून हाक येऊ दे. बाई उठून जाईल; कॅमेरा भाकरीवरच राहू दे.

फोटो नाही म्हणून हळहळू नकोस. चेहरा दाखवूच नको. हात, पाठ, चाल पुरेत. घरात कैकाडी बोलत असतील तर कैकाडीच ठेव, खाली मराठी अक्षरं दे. मागे वाजणारी सारंगी काढून टाक. आणि जे तू कल्पनेने रचलंस, ते रचलेलं आहे हे पडद्यावर कळू दे. तिच्या तोंडी खोटी साक्ष घालू नये.

शेवटी तार तुटते, तेही मला पटत नाही. 31 ऑगस्ट 1952 ला कायदा रद्द झाला, पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि पोलिसांचा संशय तसाच राहिला. रिक्षावाल्याला आजही पत्ता 'सेटलमेंट' असाच सांगतात.

रविवारी सकाळी ये. माझ्या ओळखीच्या दोन म्हाताऱ्या आहेत, त्यांच्याकडे जाऊ. कॅमेरा घरी ठेव, नुसता रेकॉर्डर आण. तोही त्या हो म्हणाल्या तरच पिशवीतून काढायचा.

तुझी,
मावशी