बाबा तीन महिन्यांत उठले, मग आई का नाही?

लकवा झालेल्या बाईचे घरचे माझ्याकडे आले की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला एक तक्रार येतेच : ती मनावरच घेत नाही. आणि तुलनेला कुणीतरी पुरुष असतो, जो ‘तीन महिन्यांत टकाटक’ झालेला असतो. हे इतक्यांदा ऐकलंय की एका घराचं सांगूनच टाकते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रीती नागपूरच्या मानेवाड्याहून आईवडिलांना घेऊन आली. सुनंदाकाकू ६३ वर्षांच्या. पाच महिन्यांपूर्वी उजवी बाजू गेलेली, आता काठीवर चालतात, बोलणं जड. काकांना चार वर्षांपूर्वी लकव्याचाच झटका येऊन गेलेला.

“तीन महिन्यांत गल्ल्यावर बसलो मी,” काका म्हणाले. “हिले काही म्हटलं की रडते.”

एकाचा झटका दुसऱ्यासारखा नसतोच. कुठे झाला, केवढा झाला, किती लवकर दवाखाना गाठला, यावर बरंचसं ठरतं. पण प्रीतीने मोबाइलवर एमआरआयचा रिपोर्ट दाखवला, त्यात ताज्या झटक्याच्या खाली एक ओळ होती : क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फॅझेकास ग्रेड २. त्या ओळीकडे घरात कुणी लक्ष दिलं नव्हतं. मी डॉक्टर नाही, पण या ओळीवर थांबायला शिकले आहे.

मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंचा जो पांढरा भाग असतो, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षांच्या बीपीने खराब होतात, आणि त्याचे डाग एमआरआयत दिसतात. फॅझेकास ग्रेड म्हणजे ते डाग किती, याचं शून्य ते तीन असं माप. आमच्या नागपुरात वर्धा रोड बंद पडला की गाड्या धंतोलीच्या गल्ल्यांतून निघतात. गल्ल्याच आधीपासून खोदून ठेवलेल्या असतील तर? झटक्यानंतर मेंदूला उरलेल्या वाटांनीच काम भागवायचं असतं, म्हणून अशा मेंदूला सावरायला वेळ लागतो. जर्मनीतल्या बॉनच्या ऱ्हाइनलँड अभ्यासात ३,४१० जणांचे मेंदू तपासले. २०२२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले : पाळी सुरू असलेल्या स्त्रिया आणि त्याच वयाचे पुरुष यांच्यात या डागांचा फरक नव्हता, पाळी गेलेल्या स्त्रियांत मात्र ते त्यांच्या वयाच्या पुरुषांपेक्षा जास्त होते.

“बीपीची गोळी किती वर्षांपासून?” मी काकूंना विचारलं.

“धा वर्षं. डोकं दुखलं की घ्यायची.”

प्रीतीने आईकडे बघितलं. तिला हे माहीतच नव्हतं.

एवढ्यावर घर समजुतीने वागू लागलं असतं. पण मी कधीच एकट्या पेशंटकडे बघत नाही, सगळं घर समोर बसवते. पुढच्या एका भेटीत विचारलं, “काकांचे व्यायाम कोण घ्यायचं?”

कुणी बोलेना. मग काकू हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, “यायच्या पाठीशी... मी होती.”

कॅलेंडरवर रोज खुणा : हात तीस, पाय तीस, सकाळ-संध्याकाळ. तेल चोळणं, न कंटाळता तेच शब्द वदवून घेणं. काकांना ते तीन महिने ‘आपोआप’ गेल्यासारखे वाटत होते. काकूंच्या वाट्याला मात्र ‘आई, केलास का व्यायाम?’ एवढा फोन.

प्रीतीचे डोळे भरले. तिला अपराधी वाटू द्यायचं नव्हतं, त्याने पेशंटचा हात हलत नाही. मी काकांकडे वळले. “हे सगळे व्यायाम या घरात कुणाच्या अंगवळणी पडलेत?” काका जरा चपापले, मग म्हणाले, “माह्याच.” ते त्या क्षणी सुचलं, याचं मला आजही समाधान आहे. दुकान सात वाजता बंद करून संध्याकाळची पाळी त्यांनी घेतली. कुरकुर केली, पण घेतली.

दुसरी गोष्ट रडण्याची. झटक्यानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं आणि त्याला औषध आहे. मी न्यूरॉलॉजिस्टना चिठ्ठी दिली, त्यांनी गोळी सुरू केली. तिसरी, स्वयंपाकघराची. घरच्यांनी मायेने काकूंना तिथून पूर्ण बाहेर काढलं होतं. फिजिओथेरपिस्टला विचारून मेथी निवडायला त्यांच्यापुढे ठेवली, दांडी उजव्या हातात. पहिल्या दिवशी अर्धी जुडी खाली पडली, आणि काकू चिडल्या. मला ते चिडणं फार आवडलं.

तुमच्याही घरी असं असेल तर रिपोर्टमधल्या त्या ओळीबद्दल डॉक्टरांना थेट विचारा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग जास्त असतो हे खरं, पण सहा महिन्यांनंतर सगळं थांबतं असं नाही. हळू का होईना, फरक पडत राहतो. बीपी ताब्यात ठेवलं तर नवे डाग वाढण्याचा वेग कमी होतो. आणि आईला बोलण्याआधी तिच्या व्यायामाला कोण बसतं ते मोजा.

आठ महिन्यांनी काकू काठीशिवाय अंगणापर्यंत जातात. उजव्या हाताने पोळी लाटणं अजून जमत नाही, कदाचित जमणारही नाही, हेही आम्ही उघड बोललो. प्रीती ४४ची आहे. आईची गोळी आणायला गेली तेव्हा डॉक्टरांनी तिचंही बीपी बघितलं, १४८/९६ निघालं. पुन्हा दोनदा बघितलं तरी तेच. आता मायलेकी एकाच वेळी गोळी घेतात, डोकं दुखो न दुखो.